खोलदऱ्यातली बहीण

दुसऱ्या लढाईचे दिवस होते. नगरला झेंडीगेटात कमरुद्दीन शिंप्याचं घर होतं. भिंगारच्या छावणीतलं कापड शिवायला घरी यायचं. कमरुद्दीन मशीन चालवायचा आणि त्याची बायको मेहताब काजं करायची. हात असा बसलेला, की काज करता करता ती लेकीला, रजियाला, रागवायची आणि तरी टाका वाकडा जायचा नाही. नजर लागणं, भूतखेत असल्या गोष्टी ती हसण्यावारी न्यायची.

त्या थंडीत तिची आई वारली. जाण्याआधी म्हातारीनं तिला जवळ बसवून सांगितलं, की तुला एक थोरली बहीण आहे. प्लेगच्या साली सगळं नगर उठून माळावरच्या झोपड्यांत राहायला गेलं होतं आणि म्हातारी स्वतः तापानं फणफणत होती. कापूस पिंजायला येणाऱ्या दाऊद पिंजाऱ्याला मूलबाळ नव्हतं. त्यानं पोर मागितली, तिनं दिली. मेहताब त्यानंतर जन्मली. "खोलदऱ्याला आहे ती," एवढं बोलून म्हातारीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

मेहताब एकुलती म्हणून वाढली होती. आईचा चाळिसावा दिवस होताच ती निघाली. रजियाच्या लग्नाची बोलणी चालू होती, तेव्हा लवकर परत ये, असं कमरुद्दीननं बजावलं.

करंजीचा घाट उतरून सर्व्हिस मोटारीनं ती पाथर्डीला पोचली. पुढं बन्सी नावाच्या गाडीवानाची बैलगाडी मिळाली. खोलदरा नावासारखाच खोल होता. तिन्ही अंगांनी डोंगर, आणि चौथ्या अंगाला कोरड्या ओढ्यातून जाणारी एकच गाडीवाट. गावाच्या टोकाला, डोंगराला पाठ लावून पिंजाऱ्याचं घर होतं. दारात एक बाई उभी होती. आईसारख्याच जुळलेल्या भुवया.

"आलीस व्हय," ती म्हणाली. "ये."

इमामबी विधवा होती. सांभाळणारे आईबाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. भिंतीला दाऊदचं पिंजायचं धनुकं टांगलेलं होतं. घरात कुणी बोललं, की त्याची तात, ती ताणलेली आतड्याची दोरी, बारीक गुणगुणायची.

पहिले दिवस फार सुखाचे गेले. इमामबीनं तिच्या केसांना तेल लावलं, चुलीपुढं बसवून गरम भाकरी वाढली. मेहताब घरी दखनी बोलणारी; बहिणीची गावठी मराठी ऐकून तिला हसू यायचं. मेहताब तिला बुबू, म्हणजे थोरली बहीण, म्हणू लागली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणी मोठं मिळालं होतं.

"मला अम्माचं कायबी ठावं न्हाई," इमामबी म्हणाली. "तू सांग की."

मेहताबनं सगळं सांगितलं. अम्मा कशी चालायची, हाक कशी मारायची, पान लावताना गुणगुणायची ते गाणं. इमामबी डोळे मिटून ऐकत राहिली. तात वाजत होती.

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना मेहताबला ते गाणं म्हणावंसं वाटलं. आठवेना. हाकही आठवेना. दुःखानं डोकं सुन्न झालंय, असं तिनं स्वतःला समजावलं.

मग इमामबीनं घराचं विचारलं, नवऱ्याचं, कामाचं. बहिणीला नाही कशी म्हणणार? मेहताब सांगत गेली. एका दुपारी फाटलेलं पोलकं शिवायला तिनं सुई घेतली, तर दोरा कुठून घालायचा तेच बोटांना कळेना. उलट मीठ कुठल्या गाडग्यात आहे, कुठली शेळी लाथ मारते, हे तिला कुणी न सांगताच ठाऊक होतं.

शेजारची मनकर्णा विस्तव मागायला आली आणि मेहताबलाच म्हणाली, "इमामबी, पाहुनी हाय का गेली?"

मेहताबनं तेव्हाच गाठोडं बांधलं. बन्सी आता बाजारच्या दिवशीच येणार, असं इमामबी म्हणाली. मेहताब पायी निघाली. ओढ्यातली वाळू तुडवत, एकामागून एक वळणं घेत ती चालत राहिली. येतानाची वाट आठवून बघत होती. पण ती वाट तिनं कालच बुबूला सांगितली होती. ऊन कलताना डोंगर मागं सरला, समोर घर दिसलं. पिंजाऱ्याचं घर. इमामबी दारातच होती. तिनं हातातलं गाठोडं घेतलं. पाय धुवायला पाणी दिलं.

त्यानंतर मेहताबनं ठरवलं, की आता एक अक्षर बोलायचं नाही. लेकीचं तरी आपल्यापाशी ठेवायचं. ती चुलीपाशी बसून मनात लेकीचं नाव घेऊ लागली. नाव ओठांशी यायचं आणि फिरायचं.

"रजिया," इमामबी मागून म्हणाली.

"हे मी तुला सांगितलं नव्हतं."

"झोपेत सांगितलंस."

दोन बाजार गेले; बन्सीची गाडी येऊन गेली, पण कुठं जायचं तेच मेहताबला सांगता येईना. एका सकाळी मेहताब भाकऱ्या थापत होती. बाहेर गाडी थांबली. पुरुषाचा आवाज आला आणि इमामबी त्याच्याशी बोलू लागली. दखनीत. भरभर, हसत.

मेहताब पिठाच्या हातानं दारात आली. काळी टोपी घातलेला एक शहरी माणूस उभा होता. त्याला कुठंतरी पाहिल्यासारखं वाटलं.

त्यानं अदबीनं सलाम केला. "बुबू, आमच्या मेहताबला इतके दिवस सांभाळलंत. रजियाचं लग्न ठरलंय. तुम्ही पण या."

मेहताबनं तोंड उघडलं. सांगायला काहीच नव्हतं.

इमामबीनं तिला मिठी मारली. ती खरंच रडत होती. कानाशी तोंड नेऊन तिनं हळूच सांगितलं, "मलाबी लई जड गेलं हुतं. हुतंय सवयीचं."

त्या दोघांना घेऊन गाडी ओढ्यात उतरली. चाकांचा आवाज ऐकू येईनासा झाला.

घरात पाणी नव्हतं. ती कळशी घेऊन आडावर गेली, पोहरा सोडला आणि ओढू लागली. पोहऱ्याचा दोर तळहातातून सरसर सरकत होता, पण टोचत नव्हता. तिनं हात उलटे करून पाहिले. दोन्ही हातांवर घट्टे होते. वर्षानुवर्षांचे, पिवळे पडलेले.