मालकाच्या पानावरून आलेला चोर

"माझं दुकान टकलं केलं हो!" म्हणत टोपवाले वहिनींच्या घरी येऊन खुर्चीत कोसळले.

भाऊजींनी पाण्याचा ग्लास पुढे केला. ते वहिनींचे दीर, निवृत्त कवायत शिक्षक; वहिनींच्या गुप्तहेरगिरीत त्यांचं मुख्य काम हेच.

टोपवाले केसांचे टोप विकायचे. वेबसाइट जावयानं बनवलेली, आणि आज सकाळी तिच्यावरचे झाडून सगळे टोप गायब झाले होते.

"जावयाचंच काम! टोप उडवायची सोय फक्त मालकाच्या पानावर, आणि त्याचा पासवर्ड मला नि त्यालाच ठाऊक. मी कशाला हात लावला नाही. शेवटी परक्याचं पोर ते! आजच घराबाहेर काढतो. पण मुलगी म्हणते, ते गेले तर मीही जाते." टोपवाल्यांनी ग्लास रिकामा केला. लेक जाणार या कल्पनेनंच त्यांचा जीव अर्धा झाला होता.

वहिनी नि भाऊजी त्यांच्या दुकानात पोचले. तिथे ओळीनं लाकडी डोकी मांडलेली. भाऊजींनी त्यातल्या एकाला चुकून नमस्कारही केला.

टोपवाल्यांचा धाकटा भाऊ तोंडात टाचण्या धरून गुरगुरला, "ती वेबसाइट मला डोळ्यांसमोर नको. पण सकाळपासून मी या साहेबांचं डोकं मापतोय."

खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं साक्षीला हात वर केला. तरी भाऊजींनी मनात धाकट्यालाच बेड्या ठोकल्या.

जावयानं सर्व्हरवरची नोंद उघडली. "कुठलं पान मागितलं आणि मागणारा कुठल्या पानावरून आला, दोन्ही सर्व्हर टिपतो. बघा, टोप उडवायची प्रत्येक मागणी मालकाच्या पानावरूनच आली." त्यानं पडदा वहिनींकडे वळवला. "म्हणजे माझ्यावरच येतं."

"वेळ?" वहिनींनी विचारलं.

"सगळं एका सेकंदात. पानावरच्याच क्रमानं, वरून खाली. शेवटची मागणी 'बाहेर पडा'ची."

"सभ्य चोर," भाऊजी म्हणाले. "जाताना दार लावून गेला."

"उडवण्याआधी पान 'नक्की का?' असं विचारत नाही?" वहिनी म्हणाल्या.

"विचारायचं." जावयानं सासऱ्यांकडे पाहिलं. "पण बाबा म्हणाले, मी काय खुळा आहे? म्हणून काढून टाकलं."

वहिनी टोपवाल्यांकडे वळल्या. "तुमचा कॉम्प्युटर कसा चालतो हो?"

टोपवाल्यांची कळी खुलली. "विमान! कालच फुकटातला वेगवर्धक प्रोग्रॅम बसवलाय. बोट लावायच्या आत पान तयार! सकाळी मालकाचं पान उघडून नुसती नजर टाकली. परत बघतो तर ते मलाच पासवर्ड विचारतंय!"

वहिनींनी सगळ्यांना गोळा केलं. टोपवाल्यांची लेकही बॅग घेऊन दारात उभी राहिली.

"भाऊजी, चोर कोण?"

"धाकटे. चेहरा बघा की!"

"चेहरा राहू दे. सर्व्हरची नोंद कुठल्या पानावरून आलं ते सांगते, बोट कुणाचं ते सांगत नाही. एका सेकंदात इतके टोप माणसाचं बोट उडवेल का? बोट लावायच्या आत पान तयार ठेवायचं, तर आधीच तिथे जाऊन यावं लागतं. वेगवर्धक तेच करतो, दिसेल ती लिंक आगाऊ उघडतो. इथे प्रत्येक टोपाखाली 'काढून टाका' ही लिंक. ती उघडली की टोप गेला. सगळ्यात खाली 'बाहेर पडा', तीही त्यानं उघडली. म्हणून तर मालकालाच पासवर्ड विचारला गेला!"

"म्हणजे चोर…" भाऊजींनी आ वासला.

"पान उघडलं यांनी, वेगवर्धक बसवला यांनी. नुसत्या लिंकवर टोप उडावा, ही जावईबापूंची चूक खरी. पण 'नक्की का?' विचारणारा राखणदार कुणी हाकलला?"

टोपवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी दोन्ही हात डोक्याला लावले आणि आपले दाट काळेभोर केस उचलून टेबलावर ठेवले. खाली गुळगुळीत टक्कल!

धाकट्याच्या तोंडातल्या टाचण्या सांडल्या. "बाबा!" लेक ओरडली.

"जावईबापू, चुकलो," टोपवाले कसेबसे म्हणाले. "हे फक्त हिच्या आईला ठाऊक होतं. आता घरच्या माणसापासून काय लपवायचं?"

जावयानं तो टोप उचलला आणि हलक्या हातानं त्यांच्या डोक्यावर नीट बसवला.

"मला लग्नाच्या दिवशीच कळलं होतं, बाबा," तो म्हणाला. "कुणाला बोललो नाही. हिलासुद्धा."