कव्हरवरचा निळा

चारशे बारा फोटोंपैकी चारशे नऊ शलाकाने सकाळी नऊच्या आतच बाद करून टाकले होते, आणि उरलेले तीन बघता बघता तिचा चहा पार थंड झाला होता.

तिन्ही फोटोंत मुलगी तीच. स्वरांगी मोहिते, वय एकोणीस, मिरजेची. झगाही तोच, पायघोळ, घेरदार. पण बाकीच्या फोटोंत तो कुठे पोपटी, कुठे केशरी, कुठे शेंदरी, आणि या तिनांत कमरेपासून वर चढत गेलेला निळा! आणि निळा म्हणजे साधासुधा नाही. गॅस अगदी बारीक केला की ज्योतीच्या बुडाशी दिसतो ना, तो निळा. नजर हटत नव्हती.

'रूपवेध' ही पुण्याची मॉडेलिंग एजन्सी, स्टुडिओ खराडीत. वर्षातून एकदा एजन्सी आपला अंक काढायची. तो अंक चाळून जाहिरातवाले आणि डिझायनर मुली निवडायचे, त्यामुळे ज्या मुलीचं कव्हर, तिचं वर्ष. अंकाची मांडणी शलाका पेंडसेकडे. मांडणी हे आपलं म्हणायला. शूट कधी, कुठे, कुठल्या रंगाच्या भिंतीसमोर, कोण किती वाजता येणार, जेवायला काय मागवायचं, सगळं तिच्याच डोक्यावर.

यंदाची सगळी मदार त्या झग्यावर होती. इचलकरंजीच्या एका प्रयोगशाळेत डॉ. जयवंत उगले यांनी ते कापड विणलं होतं. नाव स्पंदवस्त्र. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे विजेची एक बारीकशी लाट असते, ती कातडीपर्यंत पोचते, आणि या कापडाचा धागा ती लाट पकडून रंग बदलतो. माणूस शांत असला की पोपटी, हुरूप आला की केशरी, घाबरला की शेंदरी.

पण नखरे किती त्या कापडाचे! एकच झगा, एकच माप, तेही स्वरांगीला ढगळ. एरवी शूटला कपडा सैल असला की मागून चार चिमटे लावतात, पुढून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. इथे धातूचा चिमटा लागला की धाग्यातला प्रवाह तिथेच खलास. मग काय, कुणीतरी मॉडेलच्या मागे उकिडवं बसायचं आणि दोन्ही हातांनी कमरेपाशी चुण्या गच्च धरून ठेवायच्या. हे काम शलाकाचं. फोटोग्राफर ऑगस्टीन गोन्साल्विस, वसईचा, सगळ्यांचा ऑगी सर, तिची ओळखच करून द्यायचा, "ही आमची सव्वापाच फुटी क्लिप. बडबडते, पण गंजत नाही."

दुसरा नखरा डागांचा. कापड धुता येत नव्हतं. स्वरांगीच्या अंगाला फासलेला मेकअप त्याला लागू नये म्हणून झग्याच्या आत तिला छातीपासून घोट्यापर्यंत कातडीच्या रंगाचा पातळ अंगरखा घालायला लावला होता; खांदे तेवढे उघडे, बिनमेकअपचे.

तिन्ही फोटोंत कमरेच्या दोन्ही बाजूंना शलाकाची बोटं दिसत होती. तिने ती सफाईने पुसून टाकली. मांडणीवाल्यांचा हात तसाच चालतो. दोरा दिसला, पुसा. चिमटा दिसला, पुसा. बोट दिसलं, पुसा.

तेवढ्यात शर्मिष्ठा मॅडम आत आल्या. एजन्सी त्यांची. पडद्याकडे बघून त्या जागच्या जागी थांबल्या.

"हेच कव्हर," त्या म्हणाल्या. "आणि आत बारा पानं हाच निळा. आजच्या आज."

"अहो पण तो आला कसा ते तरी..."

"ते मी शोधलंय," ऑगी सर मागून म्हणाला. "परवा लाइटचा स्टॅण्ड धाडकन पडला, आठवतंय? मी वेळा तपासल्या. तिन्ही फोटो त्यानंतरच्या चार सेकंदांतले. म्हणजे पोरगी दचकली की निळा. सोपं आहे. कँटीनमधून पितळी परात आणलीये. स्टुलावर उभं राहून फरशीवर सोडायची. कधी सोडणार ते स्वरांगीला सांगायचं नाही."

"मला तरी आधी सांग हां," शलाका म्हणाली. "अशा आवाजाने मला इतकं धस्स होतं ना! माझा फोनसुद्धा कायम मुका असतो."

"तुला मागे कोण बघतंय?" ऑगी सर हसला.

शूट बाराला ठरलं. अकराला शलाकाने इचलकरंजीला फोन लावला. काम किरकोळ होतं. छापखान्याला रंगांचे नंबर हवे होते, आणि उगलेंनी पाठवलेल्या तक्त्यात निळा नव्हताच.

"निळा?" उगले म्हणाले. "कुठला निळा?"

तिने फोटो पाठवला. पलीकडे कागदांची चाळवाचाळव ऐकू आली.

"सर? आहात ना?"

"आहे की. मॅडम, हा रंग मी तक्त्यात दिला नाही, कारण तो मला कधी बघायलाच मिळाला नाही. आम्ही तीनशे माणसांवर कापड तपासलं, सगळी धडधाकट. निळा धाग्याच्या पार शेवटच्या टोकाला आहे. तुम्हाला सोपं करून सांगतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश एकदा उडाला की पुन्हा भरायला वेळ लागतो, बरोबर?"

"हो."

"हृदयाचंही तसंच. एक ठोका पडला की ते पुन्हा भरतं, मग दुसरा ठोका. याला आम्ही पुनर्भरणकाळ म्हणतो. काही माणसांत हा काळ जन्मापासूनच लांबलेला असतो. एरवी कळतही नाही, धावतात, नाचतात. पण अर्धवट भरलेलं असताना अचानक दचका बसला, मोठा आवाज झाला, तर ठोक्यांचा ताल साफ बिघडतो. माणूस उभ्याउभ्या कोसळतं. कधीकधी उठतच नाही."

"आणि निळा म्हणजे..."

"निळा म्हणजे भरायला लागणारा वेळ हद्दीबाहेर गेला. त्या दिवशी काही झालं नाही हे नशीब समजा."

"कापडाची चूक असेल ना? एखादा धागा खराब वगैरे?"

"त्याला फार अक्कल नाही, म्हणून तर चूकही होत नाही. दोन ठिकाणी उघडी कातडी लागली आणि मधे हृदय असलं की बास, त्याचं काम सुरू. जिथे स्पर्श पक्का, घामेजलेला, तिथून रंग निघतो. बरं, तुमचा निळा कुठून निघाला? खांद्यांवरून?"

"नाही, कमरेतून."

"कमरेतून?" उगले घुटमळले. "हे जरा... असो. आधी त्या मुलीचा हृदयालेख, म्हणजे ईसीजी, काढून घ्या, तासाभरात. आणि तोवर तिच्याजवळ टाचणीसुद्धा पाडू नका!"

शलाका जिना धडाधड उतरत मेकअपच्या खोलीत गेली. स्वरांगी आरशासमोर मेकअप होऊन बसली होती, झगा अजून खुंटीवर, पायात चपला नाहीत, मांडीवर भडंगाची पुडी.

"स्वरांगी, तुला कधी चक्कर आलीये? पडलीयेस कधी?"

"ताई, सहा-सहा तास उपाशी उभं राहायचं म्हटल्यावर चक्कर येणारच की. का गं?"

"मोठा आवाज झाल्यावर?"

"दिवाळीत मी हातात धरून बॉम्ब उडवते." ती हसली. "शाळेत प्रार्थनेला एकदा पडले होते उन्हात. ते काय, सगळेच पडतात."

"हो, मीपण दोनदा पडलेय," शलाका घाईघाईत म्हणाली. "पण हे ऐक..."

तिने सगळं सांगितलं. स्वरांगीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळत गेलं, आणि त्या जागी भीती नाही, राग आला.

"हे तू अजून कुणाला बोललीस?"

"नाही, पण मॅडमना सांगावंच..."

"ताई, हृदयाची पेशंट म्हणून एकदा नाव फिरलं ना, तर मला रुमालाच्या जाहिरातीतसुद्धा कुणी घेणार नाही. बाबांनी या कामावरून दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलंय. हे कव्हर बघून ते बोलणारेत. आणि तू म्हणतेस नको?"

"मी म्हणते जिवंत राहा."

"मला काहीही झालेलं नाहीये!"

पण शलाकाने शूट थांबवलंच. मॅडम इतक्या भडकल्या की बोलायच्याच बंद झाल्या. समोरच्याच इमारतीत हृदयरोगाच्या डॉक्टर होत्या. स्वरांगी पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत त्या टेबलावर पडून राहिली. डॉक्टरांनी आलेख बघितला, तिला पळवून पुन्हा काढला, कानाशी टाळी वाजवून तिसऱ्यांदा काढला आणि चष्मा काढून ठेवला.

"कोण म्हणालं हिला काही आहे? असा आलेख मी विद्यार्थ्यांना नमुना म्हणून दाखवीन."

परत येताना लिफ्टमध्ये तिघी. मॅडम, स्वरांगी, शलाका. कुणी कुणाकडे बघेना.

"मला कव्हर मिळू नये असं वाटत होतं का तुला?" स्वरांगीने विचारलं, अगदी हळू. शलाकाला सुटल्यासारखंही वाटत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही. उगलेंना फोन लावायला तिने हात खिशात घातला, तर मॅडमनी तळहात पुढे केला. "फोन. शूट संपल्यावर घे."

दोन वाजता पुन्हा सगळं मांडून झालं. परात पडेपर्यंत चिडीचूप हवं, एसीचा आवाजही नको, बंद करा, असं ऑगी सर ओरडला. दिव्यांनी खोली भाजून निघत होती. शलाका स्वरांगीच्या मागे उकिडवी बसली, दोन्ही मुठींत चुण्या धरल्या. हात घामाने चिंब. छातीत नुसती धडधड. ऑगी सर कॅमेऱ्यामागे, म्हणून परात घेऊन स्टुलावर खुद्द मॅडमच चढल्या होत्या. तीनशे माणसांचा स्वयंपाक होईल एवढी ती परात, आणि त्यांनी ती डोक्यावर उचललेली.

आणि शलाकाला ते दिसलं.

अजून आवाज झालाच नव्हता. कुणी दचकलं नव्हतं. तरी तिच्या उजव्या मुठीतल्या चुणीत निळ्याचा एक थेंब उमटला होता. मग डाव्या मुठीत. मग दोन्ही मुठींतून तो पसरायला लागला, बोटांच्या फटींमधून वर, पुढे, स्वरांगीच्या कमरेकडे.

कमरेतून, खांद्यांवरून नाही. दोन ठिकाणी उघडी कातडी, मधे हृदय. स्वरांगी तर छातीपासून घोट्यापर्यंत अंगरख्यात! झग्याला तिचे नुसते खांदे लागतात. मग कमरेला पक्का, घामेजलेला स्पर्श कुणाचा?

"आला, आला!" न सांगण्याचं ठरलेलं विसरून ऑगी सर किंचाळला. "आता आवाजाने वरपर्यंत चढू दे! मॅडम, माझ्या तिनावर! एक..."

ओरडावं म्हटलं तर शलाकाच्या तोंडून आवाजच फुटेना. तिने डावा हात सोडला. निळा भप्पकन विझला, झगा खांद्यांपासून खाली पोपटी झाला.

"अरे, कुठे गेला? थांबा, थांबा!"

तिने हात परत टेकवला. निळा. पुन्हा उचलला. पोपटी.

मॉडेलला स्वतःला बघता यावं म्हणून समोर मोठा पडदा लावलेला असतो. स्वरांगी त्यात बघत होती. निळा, पोपटी, निळा. तिने मान खाली घालून आपल्या कमरेवरची ती बोटं बघितली. मग मागे वळून शलाकाचा चेहरा बघितला. तो कागदासारखा पांढरा पडला होता.

"आला परत! मॅडम, दोन..."

"मॅडम," स्वरांगी म्हणाली, आणि तिचा आवाज इतका शांत होता की ऑगी सरचा 'तीन' तोंडातच राहिला. "परात खाली ठेवा. हळू. अजिबात आवाज करायचा नाही."

मॅडमना काही कळलं नव्हतं, पण त्यांनी ऐकलं. पायांची बोटं चाचपत त्या स्टुलावरून उतरल्या आणि ती परात त्यांनी कोपऱ्यातल्या गादीवर ठेवली, तान्हं मूल निजवावं तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शलाका हॉस्पिटलच्या खाटेवर होती, छातीला वायरी, मांडीवर लॅपटॉप. पुनर्भरणकाळ खूपच लांबलेला निघाला होता. जन्मापासून. आता रोज गोळी, आणि दचकणं बंद. डॉक्टरांनी शाळेतल्या पडण्याबद्दल विचारलं तेव्हा तिला आठवलं, दोन्ही वेळा ती उभी होती ती थेट पितळी घंटेखाली.

स्वरांगी खाटेच्या कडेला बसून तिचीच बिस्किटं खात होती.

"कव्हर माझंच आहे ना अजून?"

"तुझंच. बाबांना फोन कर."

"केला." तिने आणखी एक बिस्कीट काढलं. "उचलला त्यांनी."

शलाकाने कव्हरचा फोटो उघडला. आपण पुसून टाकलेलं सगळं परत आणलं. दोन्ही बाजूंना बोटं उमटली, मोजून दहा. आणि निळा बरोबर तिथूनच निघाला होता, तिने एवढ्या सफाईने कोरी करून ठेवलेल्या त्या जागेतून.