ढिगाऱ्यातलं गरम कॅबिनेट

चौथ्या दुकानातूनही तिघं हात हलवत बाहेर पडली, तेव्हा बोका फुटपाथच्या कडेला फतकल मारून बसला आणि आता आपण इथून हलणार नाही, असं त्याने जाहीर केलं.

काडीच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक मदरबोर्ड होता. तिचे बाबा आणि आत्या शाळेत असताना घरात जो संगणक होता, त्याचा. माळ्यावरची फळी कोसळून त्याचं कॅबिनेट चेपलं होतं आणि पॉवर सप्लाय तर कधीचाच जळाला होता. पण बोर्ड आणि डिस्क शाबूत दिसत होती, आणि त्या डिस्कवर दोघा भावंडांनी मिळून लिहिलेला एक खेळ होता. सुट्टी संपायच्या आत तो बघायचाच, असं काडीने ठरवलं होतं. पण नव्या कॅबिनेटमध्ये बोर्डाची भोकं जुळेनात आणि नव्या सप्लायचा रुंद प्लग या बोर्डात बसेना. याला लागायचे दोन चपटे प्लग, शेजारी शेजारी, दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध येतील असे. उलटे लावले की बोर्डाने राम म्हटलाच म्हणून समजा.

बोका हा आत्याचा मुलगा, काडीहून वर्षाने मोठा. टिकली काडीची धाकटी बहीण, चणीने एवढीशी आणि नजरेने घारीसारखी. आत्याचा फोन आला तो तिनेच घेतला. आत्या शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाण्याची तपासणी करायची. तिथल्या तळघरात जुन्या संगणकांचा ढीग होता, आणि तो आज दुपारीच भंगारवाला उचलणार होता. त्याआधी येऊन काय हवं ते निवडा, साहेबांना विचारलंय, असं तिने सांगितलं. बोका सगळ्यांत आधी उठला.

केंद्राच्या आवारात पाण्याचे मोठमोठे हौद होते आणि माणसं फारशी दिसत नव्हती. तळघराचा जिना उतरताना पंपांची घरघर कानांना नव्हे, तळपायांना जाणवायला लागली. स्टोअरवाल्या काकांनी कुलूप काढलं, दिवा लावला आणि सगळं मेलेलं आहे, हवं ते घ्या, पण ट्रक यायच्या आत आटपा, असं म्हणून ते वर निघून गेले.

खोली लांबलचक होती. दोन्ही बाजूंच्या मांडण्यांवर आंधळे स्क्रीन रांगेने बसले होते, आणि एकुलत्या एका दिव्यात त्या प्रत्येक काचेत तीन मुलं हलताना दिसत होती. टिकली काडीचा कुर्ता धरून चालायला लागली, आणि नेहमी तिची टर उडवणारा बोकाही दोघींना चिकटून चालला.

अर्ध्या तासाने गंजून चाळण झालेल्या एका आडव्या कॅबिनेटमध्ये काडीला पॉवर सप्लाय सापडला. दोन चपटे प्लग, काळ्या तारा, अगदी हवा तसा. तिने स्क्रू काढून तो मोकळा केला आणि छातीशी धरला. आता फक्त धड कॅबिनेट हवं होतं. ते टिकलीने शोधलं. शेवटच्या मांडणीच्या मागे, भिंतीला टेकून, एक उभं, उंच, कुठेही पोचा न आलेलं कॅबिनेट होतं. काडीने ते ओढण्यासाठी हात लावला आणि चटकन मागे घेतला.

“हे गरम आहे,” ती म्हणाली.

बाकीचं सगळं लोखंड विहिरीतल्या पाण्यासारखं गार होतं. बोक्याने हात लावून पाहिला. टिकलीने खाली वाकून एक मिणमिणता हिरवा दिवा दाखवला. मागे एक वायर सॉकेटमध्ये गेली होती आणि दुसरी, जाड करडी, भिंतीतल्या भोकात शिरली होती. मागच्या जाळीआडचा पंखा मात्र हलत नव्हता, आणि तिथून तापलेल्या धुळीचा जळकट वास येत होता. कुणी तरी ते बंद करायला विसरलं असणार, असं म्हणत बोक्याने बटणाकडे हात नेला. काडीने त्याचं मनगट पकडलं. ही करडी वायर कुठे जाते ते कळेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही, असं तिने बजावलं.

मग ढिगातलाच एक स्क्रीन तिघांनी ओढत आणला आणि जोडला. बराच वेळ काळोख. हळूहळू हिरवी इंग्रजी अक्षरं उमटली. टिकलीने एकेक शब्द लावून वाचला. गॅस खोली एक, शून्य. गॅस खोली दोन, शून्य पूर्णांक तीन. खाली लिहिलं होतं, भोंगा तयार, पातळी एक. म्हणजे आकडा एकवर पोचला की भोंगा वाजणार.

त्यांच्या डोळ्यांदेखत तीनचा चार झाला.

पाणी शुद्ध करायला क्लोरीन वापरतात, तो वायू गॅस खोल्यांतल्या लोखंडी टाक्यांत भरलेला असतो आणि नुसता नाकात गेला तरी छाती जाळतो, हे आत्याने तिघांनाही अनेकदा सांगितलं होतं. काडी आणि टिकली जिना चढून थेट नियंत्रण कक्षात गेल्या. तिथे पाळीचे साहेब फोनवर बोलत होते आणि समोर भिंतभर नवा स्क्रीन झळकत होता. काडीने सगळं सांगितलं. साहेबांनी फोनवर हात ठेवला आणि हसून गॅस खोल्यांच्या चौकोनाकडे बोट दाखवलं. दोन्हीकडे शून्य.

“बाकीचे आकडे सारखे हलताहेत,” टिकली म्हणाली. “हेच दोन का हलत नाहीत?”

“कारण गॅस गळत नाहीये, बाळा. ते खालचं भंगार आहे, भुतासारखं काहीही दाखवेल. पळा आता.”

ते पुन्हा फोनवर बोलू लागले. खिडकीबाहेर भंगाराचा ट्रक आत वळत होता.

काडी आत्याच्या प्रयोगशाळेकडे धावली आणि टिकली तळघराकडे. बोका यंत्रापाशी थांबला होता. हमाल ढकलगाडी घेऊन आले आणि नेमके शेवटच्या मांडणीकडे निघाले. त्यांना गॅसचं सांगून ते ऐकणार नाहीत, हे बोक्याने ओळखलं. त्याने तोंड वाकडं करून कोपर चोळायला सुरुवात केली आणि तिकडे जाऊ नका, मागे गांधीलमाश्यांचं पोळं आहे, मला आत्ताच एक चावली, असं सांगितलं. टिकली पायरीवर पोचली होती. तिने ते ऐकलं आणि तिथूनच रडायला लागली. हमालांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दुसऱ्या टोकापासून माल उचलायला घेतला.

आत्या आली तेव्हा स्क्रीनवर शून्य पूर्णांक सहा असा आकडा होता. तिने तो वाचला, करड्या वायरीवरून भिंतीपर्यंत नजर नेली आणि तिचा चेहराच बदलला. नवी यंत्रणा बसवणाऱ्यांनी गॅस खोल्यांच्या तारा तिला जोडल्याच नव्हत्या. वरच्या स्क्रीनवरचं शून्य म्हणजे गॅस नाही असं नव्हतं. ते काहीच मोजत नव्हतं. खरी राखण हे टाकून दिलेलं यंत्रच करत होतं.

तिने मुलांना फाटकापाशी, वारा जिकडून येत होता त्या बाजूला उभं राहायला सांगितलं. स्टोअरवाल्या काकांना यंत्रापाशी बसवलं. मग मुखवटा चढवून, अमोनियात बुडवलेला बोळा लांब काठीला बांधून ती एका तंत्रज्ञाबरोबर दुसऱ्या गॅस खोलीकडे गेली. क्लोरीन असेल तिथे अमोनियाचा पांढरा धूर होतो. फाटकाशी उभी राहून तिघंही बघत होती. आत्याने काठी दाराच्या फटीजवळ धरली. दारातून पांढऱ्या धुराचं एक जाड वेटोळं निघालं आणि भिंतीच्या कडेने जमिनीलगत सरपटत गेलं.

“बाप रे,” बोका पुटपुटला. “माझी आई तिथे आहे.”

काडीने त्याचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात काका धापा टाकत तळघरातून वर आले. टप्पकन आवाज झाला, धूर आला आणि ते कॅबिनेट बंद पडलं, असं ते सांगत होते. आता गॅस वाढला असता तरी भोंगा वाजणार नव्हता. साहेब कक्षातून बाहेर आले होते आणि त्यांच्या हातातला फोन तसाच बोलत होता. आत्याने मुखवट्याआडून हातवारे करून एकेकाला पिटाळलं. गॅस खोलीच्या पलीकडे, भिंतीच्या सावलीत, हौद झाडणाऱ्या बायका डबे घेऊन जेवायला बसल्या होत्या. त्यांना उठवून वाऱ्याच्या बाजूला आणलं. मग मुखवटे घातलेली माणसं आत गेली आणि पुष्कळ वेळाने त्यांनी गळकी झडप बंद झाल्याची खूण केली. त्यांतल्या एकाचे डोळे लाल झाले होते आणि खोकला थांबत नव्हता. त्याला गाडीतून दवाखान्यात नेलं.

मुख्य अभियंता बाई आल्या. नव्या यंत्रणेला तारा जोडायला काही दिवस लागणार होते, आणि तोवर राखण कोण करणार, हा प्रश्न होता. जुन्या यंत्राचा सप्लाय जळाला होता आणि तसला आता बाजारात मिळत नाही, असं तंत्रज्ञ म्हणाला. बोक्याने काडीकडे पाहिलं. तिने पिशवी उघडली आणि मघाशी सापडलेला सप्लाय बाईंच्या हातात ठेवला.

“काळ्या तारा मधोमध,” ती तंत्रज्ञाला म्हणाली.

सप्लाय बसला, पंखा फिरला, अक्षरं उमटली. दोन्ही आकडे शून्यावर होते. चाचणीसाठी भोंगा वाजवला तेव्हा हौदांवरचे पक्षी एकदम उडाले. साहेब मान खाली घालून उभे होते. बाईंनी त्यांच्याकडे न बघता मुलांना सांगितलं, “आम्ही स्क्रीनवर विश्वास ठेवला. तुम्ही जाऊन पाहिलंत. शाबास.” नव्या तारा जोडल्या की ते कॅबिनेट सप्लायसकट तुमच्या घरी पोचतं करीन, असा शब्दही त्यांनी दिला. आत्याने तिघांना जवळ ओढलं.

फाटकातून निघताना हौद झाडणाऱ्या बायकांपैकी एक म्हातारी पुढे आली. तिचा डबा तसाच बंद होता. तिने काडीच्या डोक्यावर हात ठेवला, मग टिकलीच्या, मग बोक्याच्या.

“रोज तिथंच बसतो गं आम्ही जेवायला,” ती म्हणाली. “सावली असते ना.”