वीस मिनिटांचा निरोप

शर्वाणीताई सकाळी काहीच खात नव्हती, तरी तिचं वजन वाढत होतं. हे कसं काय, ते कोडं मला सुटेना.

माझी ताई विद्यापीठाच्या खो-खो संघात आहे. ती खांबापाशी अशी वळते की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. पण वसतिगृहात राहायला गेल्यापासून वजन चार किलोंनी वाढलं, म्हणून तिने नाश्ताच सोडला. परवा सरावात तिला घेरी आली. सरांनी बजावलं, "पुन्हा असं झालं तर शनिवारच्या सामन्यात तू नाहीस."

सुट्टीत मी तिच्याकडे गेले होते. दुपारी मेसमध्ये बघते तर प्रत्येक खुर्चीमागे पुढचा माणूस ताट घेऊन उभा. तिथली रीतच ती. भुकेने कासावीस झालेल्या ताईने सहा मिनिटांत चार पोळ्या संपवल्या.

"पोट भरलं?" वाढणाऱ्या यंत्रमानवाने विचारलं. पोरांनी त्याचं नाव दगडू ठेवलं होतं.

"छे रे, अजून दोन वाढ."

दगडूने पोळ्या वाढल्या आणि तिच्या मनगटाला एक पट्टी बांधली. जेवून आम्ही पायरीवर बसलो. बऱ्याच वेळाने पट्टीवर हिरवा दिवा लागला, तेव्हा ताई पोट धरून कण्हत होती.

दगडू बाहेर येऊन म्हणाला, "पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचला की हा दिवा लागतो. अन्न आत पोचलं की आतडी संप्रेरकं (रक्तातून निरोप नेणारी रसायनं) सोडतात. 'आता पुरे' हे मेंदूला नीट कळायला साधारण वीस मिनिटं लागतात. तू सकाळपासून उपाशी, म्हणून भराभर जेवतेस. शरीर इमानाने निरोप धाडतं, तूच थांबत नाहीस."

न सांगता रोज हे काम करणाऱ्या शरीराचं मला फार कौतुक वाटलं. ताई मात्र रडवेली झाली. "मागे कुणी ताटकळत असताना सावकाश कसं जेवू?"

"मागे मी उभी राहते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने सकाळी थालीपीठ खाल्लं. दुपारी मी रिकामं ताट घेऊन तिच्या खुर्चीमागे उभी. माझ्या मागचा दादा कुरकुरला, "ए छोटी, तुझा नंबर लागणार कधी?" माझे पाय दुखले, पण मी हलले नाही. तिसऱ्या पोळीला हिरवा दिवा लागला आणि ताईने हात धुतला.

शनिवारी ती तीन मिनिटं कुणाच्या हाती लागली नाही. ओरडून ओरडून माझा घसा बसला. वजन अजून तेवढंच होतं. त्याला महिने लागतील, असं दगडू म्हणाला.

सोमवारी ताई सगळ्या संघाला घेऊन मेसच्या काकूंकडे गेली. "काकू, आम्हाला वीस मिनिटं बसून जेवू द्या. सगळ्यांनाच." काकूंनी खुर्च्यांमागची रांग दाराबाहेर हलवली.