दोनशे चाळीस ग्रॅम

पूर्णा गावच्या गोडाऊनमध्ये नेत्रा रिटर्नला होती. रिटर्न म्हणजे लोकांनी ऑनलाइन मागवलेला आणि नको म्हणून परत धाडलेला माल. काम सोपं, पण डोकं ठिकाणावर लागतं. पार्सल आधी काट्यावर ठेवायचं, मग फोडायचं, वस्तूची प्रत्येक चेन उघडायची, प्रत्येक खिशात हात घालायचा. लोक काय काय विसरतात म्हणून सांगू! पर्समध्ये देवीचा अंगारा, सुटकेसमध्ये भाजीचा डबा, एकदा तर बुटात दातांची कवळी. नेत्राला कशाचं हसू येत नसे, किळसही येत नसे. नवरा गेल्यापासून अकरा महिने असंच चाललं होतं. जेवायची, ड्युटी करायची, झोपायची. रडली मात्र नाही, दहाव्यालासुद्धा नाही. तिच्या काल्हेर गावच्या बायका त्यावर बोलायचं ते बोलल्या.

नवरा सागर लग्नाचे, हळदीचे फोटो काढायचा. आणि फोटोवाल्याचाच फोटो घरात नाही, आता याला काय म्हणावं! लग्नाचा अल्बम आणि कॉम्प्युटर एका पावसाळ्यात खाडीचं पाणी घरात शिरलं तेव्हा गेले. तो गेला त्या अपघातात मोबाईलचाही चुरा झाला. भिंतीवर होता तो आधार कार्डावरून मोठा केलेला; त्यात माणूस कमी, ठिपके जास्त. नेत्राला सागरची मान आठवायची, घट्टे पडलेला अंगठा आठवायचा, डावा पाय किंचित ओढत चालणं आठवायचं. चेहरा येत नव्हता. आठवायला गेलं की तिथे नुसतं पांढुरकं काहीतरी. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कुठल्या तोंडाने?

गेला त्या संध्याकाळी त्याचा फोन आला होता. "आज हळदीत लोकांनी मलाच रंगवलाय गो. कुनीतरी माजाच फोटो काडला, माज्याच कॅमेऱ्यानं. आल्यावर दाखवतो."

तो आला नाही. कॅमेरा आला, अंगावर ओरखडा नाही. कॅमेऱ्याची बॅग आली. दहाव्याला धाकटा दीर भावेश सागरचे कपडे, चपला आणि ती बॅग घेऊन खाडीवर गेला. नेत्राची सासू आक्का. तिच्या माहेरची रीत अशी, की गेलेल्याची वस्तू पाण्यात सोडताना खिसे उलटे करायचे, गाठी सोडायच्या, बटणं उघडायची. बंद वस्तू सोडायची नाही. भावेशला तेवढं भान कुठलं! चेन लावलेली बॅग त्याने तशीच सोडली. पुढच्या खिशात तो फोटो असलेलं मेमरी कार्ड होतं.

"चेन उगडलीस ना?" आक्काने विचारलं. भावेशने मान खाली घातली.

"बंद सोडलेलं परत येतं," आक्का म्हणाली. "पन काय भरून येल, त्याचा नेम न्हाय."

पुढे कुणी तो विषय काढला नाही. कॅमेरा टॉवेलात गुंडाळून कपाटात पडला. आणि आता भावेशने कोन गावच्या एका हळदीच्या फोटोंचं काम परस्पर नेत्राच्या नावावर घेतलं. "वयनी, तुला सगळं येतं. दादानंच शिकवलंय. गोडाऊनमदी किती दिस खोकी फोडशील?"

नेत्रा हो म्हणाली. नाही म्हणायलाही आतून काहीतरी वाटावं लागतं. पण खोटं कशाला बोला, एक आशा होती. हळदीच्या गर्दीत, त्याच कॅमेऱ्याला डोळा लावला, तर तो चेहरा एकदा तरी येईल. तिला दुसरं काही नको होतं.

कॅमेरा न्यायला बॅग हवी होती. गोडाऊनमध्ये शनिवारी स्टाफ सेल असे. डागाळलेला, खोका फाटलेला माल कामगारांना स्वस्तात. त्या दिवशी कॅमेऱ्याच्या चार बॅगा होत्या. 'बॅग रिकामी उचलून घेऊ नये, भरून उचलावी,' असं सागर म्हणायचा. म्हणून नेत्रा कॅमेरा, दोन लेन्सा आणि फ्लॅश बरोबरच घेऊन आली होती.

पहिली दिसायला झकास, पण आतला फोम पापडासारखा. दुसरी पाठीवरची, दर वेळी जमिनीवर ठेवून उघडायची, हळदीत नाचणारे तिच्यावरूनच जायचे. तिसरीची चेन कोपऱ्यावर अडकत होती. ऐन वेळी चेन अडकली तर नवरी काय थांबते होय? चौथी काळी, एका खांद्याची. पट्टा रुंद, पुढे ओढली की वरून उघडणारी. आतले कप्पे हलवायची गरजच पडली नाही. सगळं मापाने शिवल्यासारखं बसलं आणि एक कप्पा रिकामा उरला.

हाताची सवय, म्हणून तिने बॅग रिकामी करून काट्यावर ठेवली. लेबलवर वजन एक किलो दोनशे. काट्यावर एक किलो चारशे चाळीस.

तिने सातही चेनी उघडल्या. खिसे उलटे केले. काही नव्हतं.

"काटा बिगडला असल," सुपरवायझर महादू म्हणाला आणि त्याने एक किलोचं पितळी वजन ठेवलं. बरोबर एक किलो. मग त्याने बॅगेचा कोड मारून पाहिलं. तीनदा विकली गेली होती, तीनदा परत आली होती. गिऱ्हाइकं वेगवेगळ्या गावची, पण कारण तिघांचंही एकच: आधी कुणीतरी वापरलेली आहे.

"दुसरी बघ," महादू म्हणाला.

"हीच बसते," नेत्रा म्हणाली. आणि बसत होतीच.

पट्ट्यावर स्टाफ सेलचं हिरवं स्टिकर होतं. ते काढायला गेली तर अर्धं फाटलं, म्हणून तसंच ठेवलं. खांद्याला सवय व्हावी म्हणून ती रोज बॅग घेऊन ड्युटीला येऊ लागली आणि रोज सकाळी, रिकामी असताना, काट्यावर ठेवू लागली. सोमवारी लेबलापेक्षा तीनशे दहा ग्रॅम जास्त. मंगळवारी पाचशे. बुधवारी नऊशे. दुसरी कुणी असती तर बॅग फेकून पळाली असती. नेत्राने आकडे नुसते पाहिले. भीती वाटायला हवी, एवढं तिला कळत होतं.

बुधवारी रिकाम्या कप्प्याला हात लागला तर तो गार होता, आणि खाडीच्या चिखलाचा वास आला.

गुरुवारी संध्याकाळी भावेशने तिला बाइकवर कोनला सोडलं. उतरताना बॅग त्याच्या हातात आली. "आईशप्पत! वयनी, काय भरलंय एवढं?"

"कॅमेरा," नेत्रा म्हणाली.

मांडवात बेंजो वाजत होता, बायका ओव्या म्हणत होत्या, नवरदेव पाटावर पिवळाजर्द. हात आपोआप चालले. सागरने शिकवलेलं सगळं बोटांत होतं. चेहऱ्यामागून चेहरे काचेतून गेले. हवा होता तो आला नाही.

नवाच्या आत आवरलं. सामान भरून बॅग पुन्हा खांद्याला लावली आणि ती थबकली. बॅग हलकी लागत होती. लेन्स राहिली की काय म्हणून तिने उघडली. सगळं जागेवर होतं. रिकाम्या कप्प्याचं झाकण मात्र आतून ढकलल्यासारखं वर आलं होतं. कडेला ओली हळद लागली होती.

शुक्रवारी सकाळी चहा घेताना तिने आक्काला कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवले. आक्काने आठ-दहा पाहिले आणि विचारलं, "ह्यो कोन?"

नवरदेवाच्या मागे, गर्दीच्या कडेला एक माणूस होता. तोंडभर हळद. पुढच्या फोटोत होता. त्याच्या पुढच्यातही. सगळे नवरदेवाकडे बघत होते, हा कॅमेऱ्याकडे.

नेत्राने फोटो मोठा केला. हातातला कप तिने खाली ठेवला. "आक्का, हे सागर हायेत काय?"

आयुष्यात कुणी सुनेने सासूला असला प्रश्न केला नसेल. आक्काने चष्मा पुसला. पडदा उजेडाकडे धरून बराच वेळ बघितलं.

"न्हाय," ती म्हणाली. "माज्या पोटचा न्हाय ह्यो."

माणसाच्या खांद्यावर रुंद काळा पट्टा होता. पट्ट्यावर अर्धं फाटलेलं हिरवं स्टिकर.

फोटो काढताना बॅग नेत्राच्या खांद्यावर होती.

तिने कॅमेरा बंद करून कपाटात ठेवला. बॅग घेतली आणि ड्युटीला गेली. दुसरं काय करणार?

गोडाऊनमध्ये पोचताच तिने बॅग काट्यावर ठेवली. एक किलो दोनशे. एक ग्रॅम जास्त नाही.

ती आकड्याकडे बघत उभी राहिली. घरी आक्का एकटीच होती.

मोबाईल वाजला. आक्काचाच.

"नेत्रा, येताना बोंबील घेऊन ये." आक्काचा आवाज कित्येक महिन्यांत असा मोकळा नव्हता. "सागर आलाय. मोरीत पाय धुतोय."

"आक्का, सकाळी तुमीच म्हनलात..."

"काय म्हनली मी? पोटच्या पोराला वळखनार न्हाय व्हय मी?"

मागे पाण्याचा आवाज येत होता. मग थांबला.

नेत्राने डोळे मिटले आणि सागरचा चेहरा आठवून पाहिला. लगेच आला. कपाळ, भुवया, ओठांच्या कडेला सुकलेली हळद. सगळं स्पष्ट. तिच्याचकडे बघत होता.

अकरा महिन्यांत पहिल्यांदा तिला रडू आलं. घळाघळा पाणी वाहू लागलं. महादू धावत आला. "काय झालं गो? कोन गेलं काय?"

नेत्राने मान हलवली. पदराने डोळे पुसले.

"महादूभाऊ, हाफ डे पायजे," ती म्हणाली. "हे घरी आलेत."