ताईची टोपी वाळत होती

माझी ताई ठणठणीत बरी झाली.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. तसं काही झालेलंच नाही.

पुढचं मात्र अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटंच लिहायचं असतं तर मी त्या मेंदू-प्रशिक्षण केंद्राचं माहितीपत्रक लिहिलं असतं.

बुधवार. रात्रबित्र नव्हती, दुपारचे चार. तिसरा मजला, खोली क्रमांक तीन, भरपूर ऊन.

ताईला लिफ्टची भीती. दार मिटलं की छाती धडधडायची, हात गार पडायचे. ऑफिस अकराव्या मजल्यावर गेलं आणि नोकरी जायची वेळ आली. म्हणून हे केंद्र. चालवणारे ‘सर’. त्यांनी स्वतः केलेला कोर्स चार दिवसांचा, सर्टिफिकेटची फ्रेम खिडकीपेक्षा मोठी.

उपचार असा. डोक्यावर वायरींची ओली टोपी, समोर स्क्रीनवर फुगा. मेंदू शांत झाला की फुगा वर. घाबरला की खाली. बघता बघता म्हणे शांत राहायची सवय लागते.

सेशन संपलं की सर ती टोपी थर्माकोलच्या डोक्यावर वाळत घालायचे. वायरी न काढता.

“पुन्हा जोडायला दहा मिनिटं जातात हो.”

लोकांचे मेंदू दुरुस्त करणारा माणूस. आणि कंटाळा दहा मिनिटांचा.

दहाव्या सेशननंतर घरी ताईचा हात गरम पातेल्याला लागला.

तिने हाताकडे पाहिलं...

मग सावकाश काढला.

“अगं ताई, भाजलं ना!”

“हो, भाजलं की.” जणू शेजारणीचा हात.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, “उत्तम प्रगती.”

त्या बुधवारी शेवटचं सेशन होतं. “मी लिफ्टने उतरते. तू फाईल घेऊन ये, आणि तिथे अक्कल पाजळत बसू नकोस,” म्हणून ताई गेली. सरांनी टोपी थर्माकोलला घातली.

आणि फुगा...

खाली आला.

धप्. धप्. धप्. तळाला आपटत राहिला.

“सर, हे काय?”

“ओल असते.”

थर्माकोलच्या मानेवर थेंब फुटले होते. टोपी मानेपर्यंत पोचतच नाही.

मी ताईला फोन लावला.

“लिफ्ट अडकलीये रे. आतले दिवे गेलेत. बरं वाटतंय.”

पाच मिनिटांनी फोनमध्ये दार सरकल्याचा आवाज आला. इकडे फुगा वर गेला.

सर हसले. “बघा, वाळली.”

मग फुगा एकदम कोसळला. ते डोकं टेबलावर थरथरायला लागलं...

फोनमधून हॉर्न. लांबलचक.

मी जिना कसा उतरलो, माहीत नाही. ताई भर रस्त्यात उभी होती. ट्रक तिच्यापासून वीतभर. ड्रायव्हर दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून बसला होता.

“दादा,” ताई त्याला समजावत होती, “एवढं काय घाबरायचं?”

आता मी तिला एकटीला सोडत नाही. पण मला झोप लागते. माणूस कधीतरी झोपतोच.

सर फोन उचलत नाहीत, म्हणून लेखी अर्ज दिलाय:

“मा. संचालक यांस. माझ्या बहिणीची भीती आपल्या खोली क्रमांक तीनमधील डोक्याकडे राहिली आहे. तरी ती मूळ मालकिणीस परत मिळावी, ही नम्र विनंती. संपूर्ण देणे शक्य नसल्यास निदान रस्ता ओलांडण्यापुरती द्यावी.”