घसा नावाची फाइल

ही गोष्ट खरी आहे. पटो वा न पटो.

आणि रात्रीची नाही. भुताची गोष्ट म्हटली की लोकांना लगेच मध्यरात्र लागते, रडणारी कुत्री लागतात. इथे तसलं काहीच नाही. सुट्टीची दुपार होती. तिसऱ्या मजल्यावरचं ऑफिस, टेबलांवर लख्ख ऊन, आणि आत जेमतेम दोन माणसं.

म्हणजे... दोनच असायला हवी होती.

जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी मावसबहीण. घरात तिला सगळे धाकटी म्हणतात. आता तिचे केस पिकायला लागलेत, तरी ती धाकटीच. तिच्याहून मोठा एक दादा. दोघं एकाच कंपनीत, शेजारशेजारच्या टेबलांवर बसून प्रोग्रॅम लिहायचे आणि दिवसभर भांडायचे.

धाकटी भित्री नाही, हे आधीच सांगून ठेवतो. घरात पाल निघाली की दादा खुर्चीवर चढायचा आणि ही झाडू घेऊन यायची.

आई लवकर गेली. घरात ही दोघं आणि बाबा. बाबा म्हणजे एक नंबरचे बोलघेवडे. शेजारी भाजी आणायला निघाला तर त्याला फाटकातच अडकवून ठेवायचे. अशा माणसाला घशाचा आजार झाला. ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

घर एकदम गप्प झालं.

तेव्हा दादानं त्यांना एक डबा बनवून दिला. समोर छोटा कीबोर्ड, मागे स्पीकर. बाबांनी टाइप करायचं, डब्यानं बोलायचं. बाबांचा जुना आवाज कुठेच टेप केलेला नव्हता, म्हणून दादानं आपलाच आवाज त्यात घातला. बाबांनी पहिलं वाक्य काय टाइप करावं? ‘गाढवा, आता तुझ्या आवाजात तुलाच शिव्या देऊ का?’

डबा तेच बोलला. थेट दादाच्या आवाजात. तिघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

त्यानंतर वर्षही झालं नाही, आणि दादा गेला.

साधा ताप म्हणून दवाखान्यात गेला. ताप छातीत उतरला. शेवटी घशात नळी होती, बोलता येत नव्हतं. बाबा डबा घेऊन उशाशी बसले. दादाच्याच आवाजात त्याला म्हणाले, “बाळा, मी इथेच आहे.” दादाला काहीतरी सांगायचं होतं. त्याने सगळा जोर लावला. छाती वर आली...

आणि तशीच राहिली.

ते काय होतं, ते कोणालाच कळलं नाही.

पण डबा घरात होता. बाबा टाइप करायचे आणि स्वयंपाकघरात हाक यायची, “धाकटे, दार लाव.” “धाकटे, जेवलीस का?” सुरुवातीला तिच्या काळजात चर्र व्हायचं. मग सवय झाली. मग त्याचाच आधार वाटायला लागला.

एक दिवस बाबांच्या हातून निसटून डबा पाण्याच्या बादलीत पडला. आतला बोर्ड जळून गेला. बाबा त्या बादलीकडे असे बघत बसले की जणू दादा दुसऱ्यांदा गेला.

“रडता काय असे लहान मुलासारखे?” धाकटी त्यांना म्हणाली. “प्रोग्रॅम आहे की ऑफिसात. नवा बोर्ड आणते, पुन्हा बांधते, पुन्हा भरते. दोन दिवसांत दादा बोलायला लागेल.”

ती असं बोलून गेली. दादा बोलायला लागेल, म्हणाली.

ऑफिसात तिने दादाचा प्रोग्रॅम उघडला आणि बिल्ड चालू केला. बिल्ड म्हणजे आपण लिहिलेलं सगळं एकत्र बांधून यंत्राला चालेल असं करायचं. पहिल्याच पानावर तो अडला.

‘घसा’ नावाची हेडर फाइल सापडली नाही. बिल्ड थांबवला आहे.

हेडर फाइल म्हणजे यंत्र आधी वाचतं ती. कुठला आकडा किती धरायचा, कशाला काय म्हणायचं, ते तिच्यात असतं. ती नसली की पुढचं सगळं अडून बसतं. दादाच्या आवाजाचं सगळं मोजमाप त्या एका फाइलीत होतं. घसा किती रुंद, श्वास किती लांब, शब्दाच्या शेवटी आवाज किती खाली उतरतो.

धाकटीनं सगळं उलटंपालटं केलं. फाइलींचे पत्ते तपासले. जुन्या प्रती तपासल्या. आणि मग तिला ती ओळ दिसली. ऑफिसच्या सामाईक साठ्यात काय टाकायचं नाही, याची एक यादी असते. त्यात दादानं स्वतःच लिहून ठेवलं होतं... घसा.

ही घरची गोष्ट, कंपनीत कशाला, असं त्याला वाटलं असणार. तो होताच तसा. फाइल फक्त त्याच्या कॉम्प्युटरवर होती. तिथे बिल्ड बिनबोभाट व्हायचा, त्यामुळे ती बाकी कुठेच नाही हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

ती धावत सिस्टिमवाल्या काकांकडे गेली. ऑफिसची सगळी यंत्रं त्यांच्या ताब्यात असतात.

“दादाचा कॉम्प्युटर कुठाय काका?”

काकांनी मान खाली घातली. “आहे गं तिथेच. पण मी तो पुसून ठेवलाय. माणूस गेला की पुसायचा, नियमच आहे. माझ्या काही डोक्यातच आलं नाही बघ...”

ती तशीच आपल्या टेबलाशी परत आली.

मग तिने अंदाजानं आकडे घातले. फोनवर दादाचे चार निरोप होते, ते ऐकून ऐकून घातले. ‘येताना दूध आण’, ‘उशीर होईल’, असलेच सगळे. बिल्ड झाला. नव्या डब्यात भरला. बाबांनी घाईघाईनं टाइप केलं, आणि डबा बोलला.

कोणा परक्या माणसाचा आवाज होता. सर्दी झालेला, कोरडा.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. ओठ हलवून विचारलं, “हा कोण?”

मग त्यांनी डब्यावर टॉवेल टाकला. त्या दिवसापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही दोष नाही. धाकटीला कळत होतं ते काय आहे. असंच चालू राहिलं तर बाबाही हातचे जाणार होते.

म्हणून ती सुट्टीच्या दिवशी ऑफिसात आली. काकांनी किल्ली आणली. दादाच्या पुसलेल्या कॉम्प्युटरवर चुकून काही राहिलं असेल तर खरवडून काढायचं, एवढाच विचार होता.

दादाचं टेबल तसंच होतं. तिथे कोणी बसायला तयार नव्हतं.

दुपारभर तिने डिस्क चाळली. सगळं कोरं होतं. काकांनी काम चोख केलं होतं, त्यांचं तरी काय चुकलं? ते मागच्या पॅन्ट्रीत चहा ठेवायला गेले. धाकटीनं हात टेकले. निघायच्या आधी, नुसती मनाची खुमखुमी जिरवायची म्हणून, तिने त्याच कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि बिल्ड चालू केला. अडेलच आता. पहिल्याच पानावर.

ती वाट बघत बसली.

पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं.

मग... गाडीचा आवाज थांबला. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईना.

आणि टेबलाच्या कडेवर...

टक. टक टक.

बिल्ड लावला की दादा असाच बोटाच्या पेरानं वाजवायचा. ‘चल राणी, चल,’ असं यंत्राला म्हणायचा. धाकटी त्याला नेहमी हसायची. लग्न कर रे एकदाचं, म्हणायची.

तिने टेबलाकडे बघितलं नाही. तिची नजर पडद्यावर खिळली होती.

एरर आली नव्हती.

बिल्ड पुढे गेला होता. दुसरं पान... तिसरं... कोणती फाइल वाचली ते यंत्र एकेक ओळ छापत होतं. आणि त्यात ओळ होती. घसा, वाचली.

तिने त्याच पत्त्यावर जाऊन बघितलं. तिथे फाइल नव्हती. पुन्हा बघितलं. कोरी जागा. तिने यंत्राला सांगितलं, तू काय वाचलंस ते मला जसंच्या तसं छापून दाखव. बाकीचं सगळं छापलं गेलं. घशाच्या जागी मात्र नुसत्या रिकाम्या ओळी आल्या... खूप साऱ्या.

बिल्ड पूर्ण झाला.

“झालं का गं?” काका ट्रे घेऊन आले.

ट्रेमध्ये तीन कप होते.

धाकटी कपांकडे बघत राहिली. काकांनीही खाली बघितलं. त्यांचा चेहरा उतरला.

“टकटक ऐकली,” ते हळूच म्हणाले. “सवयीनं तिघांचा टाकला बघ.”

दोघांनी गुमान चहा प्यायला. तिसरा कप कोणी उचलला नाही. त्या बंद खोलीत दोघांचे चहा गरम होते, आणि तो तिसरा... तिने हात लावला तर गार पडलेला.

घरी आल्या आल्या तिने तो बिल्ड डब्यात भरला आणि डबा बाबांपुढे ठेवला. बाबा बघायलाही तयार नव्हते. तिने त्यांचा हात धरून कीबोर्डवर ठेवला. त्यांनी एकच शब्द टाइप केला.

“धाकटे.”

दादा होता. हुबेहूब. शेवटी आवाज जरासा खाली उतरणारा.

बाबांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. ते हसत होते आणि रडत होते. मग त्यांना थांबवणार कोण? इतक्या दिवसांचं सगळं साठलेलं त्यांनी बाहेर काढलं. शेजाऱ्याची चौकशी, पायाचं दुखणं, बादलीला शिव्या. धाकटीचा जीव भांड्यात पडला.

आणि मग तिच्या लक्षात आलं...

प्रत्येक वाक्यानंतर डबा श्वास घेत होता.

जुना डबा असं कधी करत नव्हता. तसं प्रोग्रॅममध्ये कुठेच नव्हतं. बाबांचं वाक्य संपायचं, आणि स्पीकरमधून बारीक आवाज यायचा. कोणीतरी काहीतरी सांगायला छाती भरून घ्यावी तसा. नुसता आत घेतलेला श्वास. बाहेर सोडलेला नाही.

बाबांनीही ऐकलं. त्यांची बोटं थांबली. आपण उशाशी बसून जे बघितलं होतं, ते त्यांनी ओळखलं.

त्यांनी सावकाश टाइप केलं. डबा बोलला, “बाळा, बोल.”

बाबांनी हात मांडीवर घेतले. धाकटी जागच्या जागी उभी.

श्वास आत आला. लांब... आणखी लांब... आता शब्द येणार, आता येणार... इतका जोर की स्पीकरची जाळी थरथरायला लागली.

शब्द काही आला नाही.

पुन्हा एकदा तसंच. पुन्हा तोच जोर. धाकटीला ते ऐकवेना. ती म्हणाली, “बाबा, बंद करा ना.”

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. डोळे पुसले. तापात मुलाच्या कपाळावर हात ठेवावा, तसा त्यांनी डब्यावर तळहात ठेवला. दुसऱ्या हाताच्या एका बोटानं टाइप करायला त्यांना बराच वेळ लागला. मग डबा दादाच्या आवाजात म्हणाला,

“राहू दे रे. कळलं मला. दमू नकोस. झोप आता.”

क्षणभर काहीच नाही.

आणि मग... इतक्या महिन्यांचा कोंडलेला श्वास बाहेर सुटला. हळू. शेवटपर्यंत.

त्यानंतर डब्यानं कधी श्वास घेतला नाही.

तो अजून चालू आहे. आवाज दादाचाच आहे, पण आता तो नुसता डबा आहे. बाबा नीट जेवतात. “काय कळलं तुम्हाला?” असं धाकटीनं त्यांना एकदा विचारलं. त्यांनी टाइप केलं, “धाकटे, जेवलीस का?”

तयार झालेला प्रोग्रॅम तिने चार ठिकाणी जपून ठेवलाय. पण नवा बिल्ड त्यानंतर एकदाही झाला नाही. दादाच्या कॉम्प्युटरवरही नाही. घसा सापडत नाही. काकांनी ते यंत्र अजून कोणाला दिलेलं नाही. नियम मोडलाय त्यांनी.

कधीतरी दुपारी धाकटी त्या टेबलावर बसते आणि बिल्ड लावते. लगेच एरर येते. आली की तिला हुश्श वाटतं आणि वाईटही वाटतं, असं ती मला सांगत होती.

मागच्या आठवड्यात मात्र एरर आली नाही.

ती बघत राहिली. पडदा थांबलेला. पंख्याचा आवाज गेलेला. तिने हात टेबलाच्या कडेवर ठेवला, आणि लाकूड आतून किंचित हललं... टक...

तिला वाटलं, आता विचारावं. काय सांगायचं होतं रे तुला? एकच शब्द सांग. तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“राहू दे, दादा,” ती म्हणाली. “झोप तू.”

बराच वेळ गेला.

मग पडद्यावर ओळ उमटली. फाइल सापडली नाही.

हे सांगताना ती रडत होती. मी तिला म्हणालो, अगं, बरंच केलंस. ती म्हणाली, “हो. पण पुढच्या वेळी मला असं म्हणवेल का रे?”